दोनशे, बाराशे आणि तीस हजार

गेल्या महिन्यात एका रविवारी मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि दोन हेल्मेटं करवतीनं मधोमध कापली. एक माझंच जुनं, सहा वर्षं वापरलेलं, आयएसआय मार्क असलेलं, घेताना बाराशे रुपये मोजलेलं. दुसरं त्याच आठवड्यात सिंहगड रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या हेल्मेटांतून घासाघीस करून दोनशे वीसला आणलेलं. बाहेरून बघितलं तर दोनशेवालंच उजवं वाटत होतं. चकचकीत काळा रंग, लाल पट्टे आणि मागच्या बाजूला आयएसआयचं चिन्हसुद्धा.

जुन्यानं दम काढला. बाहेरचं कवच चांगलं जाड आणि चिवट होतं. त्याच्या आत बारीक दाण्यांच्या घट्ट थर्माकोलचा थर होता. माथ्याजवळ पट्टी लावून मोजला तर तीन सेंटिमीटरच्या आसपास भरला, कपाळापर्यंत आणि कानांच्या वरपर्यंत सलग. त्याच्या आत कापडी अस्तर. हनुवटीचा पट्टा दोन्ही बाजूंनी कवचाला पोलादी रिव्हेटनं ठोकलेला. दोनशेवालं पाच मिनिटांत दुभंगलं. कवच इतकं पातळ की हातानं धरलं की दबत होतं. आत थर्माकोलचा थर नव्हताच. जुन्या सोफ्याच्या उशीत असतो तसला पिवळा स्पंज होता आणि माथ्यावर टीव्हीच्या खोक्यात येतो तसल्या पांढऱ्या थर्माकोलचा तळहाताएवढा तुकडा डिंकानं चिकटवलेला. स्पंज अंगठ्यानं दाबला की अंगठा सरळ कवचाला टेकायचा. शेवटी पट्टा हाताला गुंडाळून एक हिसका दिला, तर रिव्हेट कवचाचा टवका घेऊन बाहेर आला.

हा उद्योग केला तो भाच्यामुळे. त्यानं नवी मोटरसायकल घेतली आणि घरात हेल्मेटवरून वाद सुरू झाला. शनिवार-रविवारी ताम्हिणीला जाणारे त्याचे मित्र त्याला सांगत होते, दहा हजारांच्या खालचं हेल्मेट म्हणजे प्लास्टिकचा डबा, घ्यायचं तर तीस हजारांचं परदेशी घे, डोकं काय स्वस्त आहे का? त्याचे वडील म्हणत होते, सगळी हेल्मेटं सारखीच, चौकातल्या पोलिसानं अडवू नये एवढ्यासाठीच घालायची, मग दोनशेचं काय वाईट? मला वाटतं, दोघंही चुकतायत. मित्रांनी गृहीत धरलंय की किंमत वाढेल तसं संरक्षण शिडीसारखं वाढत जातं. वडिलांना वाटतं, किमतीनं काही फरकच पडत नाही. पण ती शिडी तशी नाहीच. दोनशे आणि बाराशे यांच्यामध्ये दरी आहे. बाराशे आणि तीस हजार यांच्यामध्ये आहे तो फरक, आणि डोकं वाचवण्याच्या बाबतीत तो आपण समजतो त्याहून पुष्कळ लहान.

असं का, ते हेल्मेट काय काम करतं ते पाहिलं की कळतं. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. गाडीवरून पडताना ते दीड मीटर उंचीवरून खाली येतं असं धरू. इतक्या उंचीवरून कुठलीही वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. मग गाडी सिग्नलला उभी असो नाहीतर चाळीसनं जात असो. आडवा वेग असेल तर माणूस घसरत जातो, पण डांबरावर डोकं आपटतं ते या उभ्या वेगानं. तो वेग किती अंतरात शून्यावर येतो, त्यावर सगळं ठरतं. केस आणि कातडी मिळून दोन मिलिमीटरचा वाव मिळाला तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेसातशे पट धक्का बसतो. थर्माकोल चिरडत जाऊन अडीच सेंटिमीटरचा वाव मिळाला, तर तोच धक्का सरासरी साठ पटीवर येतो. हे अकरावीच्या भौतिकशास्त्राचं सोपं गणित आहे, कुणीही करून पाहावं. प्रत्यक्षात थोडं इकडं-तिकडं होईल, पण साठ आणि साडेसातशे यांतलं अंतर काही मिटत नाही.

म्हणजे जीव वाचवण्याचं मुख्य काम करतो तो थर्माकोलचा तो तीन सेंटिमीटरचा थर, आणि तो काही महाग माल नाही. बाहेरचं कवच मार एका बिंदूवर न राहता पसरेल असं बघतं, टोकदार दगड आत घुसू देत नाही, रस्त्यावरून घसरताना झिजत राहतं. पट्टा हे सगळं डोक्यावर टिकवतो. बाराशेच्या खऱ्या हेल्मेटात या तिन्ही गोष्टी असतात. दोनशेच्या हेल्मेटात यांतली एकही धड नसते. तीस हजारांच्या हेल्मेटात तिन्ही असतात, आणखी चांगल्या प्रतीच्या असतात, आणि त्याशिवाय बरंच काही असतं. त्याकडे पुढे येतो.

किंमत आणि संरक्षण यांचा संबंध किती सैल आहे, हे मोजलंही गेलंय. अमेरिकेतल्या 'मोटरसायकलिस्ट' मासिकानं २००५ मध्ये बाजारातली वेगवेगळ्या किमतींची हेल्मेटं प्रयोगशाळेत आपटवून आतल्या कृत्रिम डोक्याला किती धक्का पोचतो ते मोजलं. त्या कसोटीत सगळ्यांत कमी धक्का पोचू देणाऱ्यांत ऐंशी डॉलरचं एक हेल्मेट होतं आणि त्याच्या कितीतरी पट महाग, नावाजलेली हेल्मेटं त्याच्या मागे पडली. कारण समजण्यासारखं होतं. महागड्या हेल्मेटांवर 'स्नेल' या अमेरिकी संस्थेचा शिक्का असायचा. ही संस्था शर्यतीच्या जगातून आलेली. पीट स्नेल नावाचा शर्यतपटू १९५६ मध्ये डोक्याच्या दुखापतीनं गेला, त्याच्या सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी ती उभारली. तिच्या कसोटीत फार जोराचा मार सोसायचा असे, तोही एकाच जागी दोनदा. तेवढं सोसायचं म्हणजे आतला थर कडक हवा. कडक थर रस्त्यावरच्या नेहमीच्या माराला पुरेसा चिरडत नाही, मग धक्का डोक्यापर्यंत जातो. त्या लेखावरून मोठं वादळ उठलं. पुढे स्नेलनं २०१० च्या मानकात धक्क्याची कमाल मर्यादा खाली आणली.

ब्रिटनच्या सरकारनं तर २००७ मध्ये 'शार्प' नावाची योजनाच सुरू केली. तिथल्या परिवहन खात्याची माणसं दुकानात मिळणारी हेल्मेटं घेतात, तीन वेगवेगळ्या वेगांनी आपटतात आणि प्रत्येक मॉडेलला एक ते पाच तारे देऊन निकाल सगळ्यांसाठी खुला करतात. त्या यादीत स्वस्तातली पाचतारा हेल्मेटं सापडतात आणि महागातली तीन ताऱ्यांवर अडकलेलीही. भारतातल्या बाजाराला ते निकाल जसेच्या तसे लागू होत नाहीत, आपल्याकडची बरीच मॉडेलं तिथं विकलीच जात नाहीत. पण किंमत बघून तारे ओळखता येत नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं.

जुनी एक परदेशी जाहिरात होती, बेल कंपनीची: तुमचं डोकं दहा डॉलरचं असेल तर दहा डॉलरचं हेल्मेट घाला. भाच्याच्या मित्रांचं वाक्य हे त्याच जाहिरातीचं मराठी रूप. मला या वाक्याचा राग येतो, कारण ते पंधरा-अठरा हजार पगारावर चाकणला जाणाऱ्या मुलाला लाज वाटायला लावतं आणि वर चुकीचं सांगतं. तो मुलगा त्यातून शिकतो काय? दहा हजारांशिवाय सुरक्षा मिळतच नाही, आणि दहा हजार तर आपल्याकडे नाहीत. मग दोनशेचं घेतलं काय आणि कंपनीत मिळालेलं पिवळं हेल्मेट घातलं काय, सारखंच. भोसरी-चाकणच्या रस्त्यावर सकाळच्या शिफ्टच्या वेळी उभं राहून बघा, ती पिवळी हेल्मेटं घालून गाडी चालवणारे किती दिसतात. ती कारखान्यात वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी बनवलेली असतात, त्यांचं मानकही वेगळं, आयएस २९२५. बाजूनं किंवा मागून आपटल्यावर त्यांचा उपयोग जवळजवळ नाही, आणि पडता क्षणी ती डोक्यावरून उडतात. त्या मुलाला बाराशे रुपयांत खरं हेल्मेट येतं हे कुणी ठामपणे सांगितलंच नाही. बाराशेचं हेल्मेट पाच वर्षं वापरलं तर दिवसाला सासष्ट पैसे पडतात.

किमतीपेक्षा जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिली म्हणजे आकार. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये दीटमार ओटे या संशोधकानं खऱ्या अपघातांतल्या हेल्मेटांवर मार कुठे कुठे लागला याची नोंद केली. त्यात एक तृतीयांशाहून थोडा जास्त मार हनुवटीच्या आणि जबड्याच्या भागावर होता. म्हणजे बाराशेचं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट पाच हजारांच्या उघड्या हेल्मेटापेक्षा बरं, यात मला शंका वाटत नाही. तरीही पुण्यात हौसेनं महागडी उघडी हेल्मेटं घेतली जातात, का, तर काच वर करून बोलता येतं आणि फोटोत चेहरा दिसतो. कानाच्या वर संपणाऱ्या टोपीवजा हेल्मेटांबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरी गोष्ट माप. आपल्याकडे चपलेचं माप पाठ असतं, डोक्याचं कुणालाच माहीत नसतं. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, मागच्या सगळ्यांत फुगीर भागावरून फिरवायची. माझं अठ्ठावन्न सेंटिमीटर, म्हणजे हेल्मेटाच्या मागे ५८० लिहिलेलं, मीडियम. वीस वर्षं मी लार्ज घालत होतो, कारण दुकानात डोकं पटकन आत गेलं की बरं वाटतं. नाना पेठेतल्या एका वयस्कर दुकानदारानं मला पहिल्यांदा नीट दाखवलं. पट्टा लावून त्यांनी हेल्मेट मागून धरलं आणि वर-पुढे ढकललं. ते सरळ माझ्या कपाळावरून डोळ्यांवर घसरलं. "हे असंच रस्त्यावर सुटणार बघा," म्हणाले. मग मीडियम चढवलं. गाल दाबले गेले, कान ओढून आत घ्यावे लागले. डावी-उजवीकडे हलवलं तर हेल्मेटाबरोबर गालाची कातडीसुद्धा हलत होती. "आता बसलं. आठ दिवसांत अस्तर तुमच्या गालाचं होईल." किमतीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

पुण्यात मापाचा प्रश्न बायकांच्या बाबतीत आणखी अवघड होतो. स्कार्फ तोंडाला आणि डोक्याला घट्ट गुंडाळायचा आणि त्यावर हेल्मेट चढवायचं, ही इथली रोजची पद्धत. केसांत क्लचर असेल किंवा अंबाडा वर असेल तर हेल्मेट माथ्यावर तरंगतं, कपाळ उघडं राहतं. मग गैरसोय होते म्हणून मोठं माप घेतलं जातं. दुकानात हेल्मेट घालून बघायचं ते नेहमीच्या स्कार्फसकट आणि केस खाली बांधून, हे एवढंसं सांगणं कुठल्याही जाहिरातीत नसतं, आणि त्यानं कदाचित महागड्या कवचापेक्षा जास्त फरक पडतो.

तिसरी गोष्ट पट्टा. खटक्याचं बकल सहा-आठ महिन्यांत ढिलं होतं किंवा तुटतं, मग पट्टा नुसता लोंबतो. पट्टा न लावलेलं तीस हजारांचं हेल्मेट आणि उघडं डोकं यांत मला काही फरक दिसत नाही. बकल पन्नास-शंभर रुपयांत बदलून मिळतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट मात्र बदलायलाच हवं. आतला थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, वरून कवच कितीही धड दिसो. महाग हेल्मेट घेणाऱ्याला इथंच मोह होतो: तीस हजारांची वस्तू एका पडण्यापायी टाकवत नाही.

आता त्या तीस हजारांबद्दल. तो पैसा वाया जातो असं मी म्हणत नाही. चांगल्या हेल्मेटाचं कवच काचतंतूंचं किंवा कार्बनतंतूंचं असतं आणि तीन-चार मापांमध्ये वेगवेगळं बनवलेलं असतं. स्वस्तात एकच कवच घेऊन आतल्या गाद्यांनी मापं साधतात. वजन कमी असतं किंवा नीट तोललेलं असतं. वाऱ्याचा आवाज कमी, हवा खेळती, काच पावसात धुरकट होत नाही. युरोपातल्या २२.०६ या २०२१ पासून लागू झालेल्या मानकात तिरक्या माराची चाचणी आली. डोकं आपटताना गरकन फिरतं, त्या पिळामुळे मेंदूला होणारी इजा त्यातून तपासली जाते. त्या मानकाची हेल्मेटं आपल्याकडे आता पाच-सहा हजारांपासून मिळतात आणि ती सुधारणा खरी आहे. रोज महामार्गानं साताऱ्याला जाणाऱ्यानं, खंबाटकीत ट्रकांमधून वाट काढणाऱ्यानं, किंवा दर आठवड्याला घाट गाठणाऱ्यानं असं हेल्मेट जरूर घ्यावं. चार तास डोक्यावर शिणवटा न आणणारं हेल्मेट माणसाला सावध ठेवतं. मे महिन्याच्या दुपारी स्वारगेटच्या सिग्नलला ज्यात जीव गुदमरत नाही तेच हेल्मेट रोज घातलं जातं, आणि न घातलेल्या हेल्मेटाची प्रत कितीही चांगली असली तरी ती शून्यच. आराम हासुद्धा सुरक्षेचा भाग आहे, हे मी मान्य करतो. पण तो आराम विकत घेताना आपण काय विकत घेतोय ते कळायला हवं. दहापट पैसे म्हणजे दहापट वाचण्याची शक्यता, असा त्याचा अर्थ नाही.

हेल्मेटांवरच्या जगभरच्या एकसष्ट अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २००८ मध्ये एकत्र आढावा घेतला. हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी होते, असं त्यात निघालं. पण हेल्मेटाच्या एका प्रकारापेक्षा दुसरा प्रकार किती सरस, हे ठरवता येईल एवढा पुरावा त्यांना मिळाला नाही. हे वाचून माझं मत पक्कं झालं. मोठी उडी आहे ती हेल्मेट नसण्यापासून खरं हेल्मेट असण्यापर्यंतची. त्यापुढच्या पायऱ्या लहान आहेत.

म्हणूनच मला सगळ्यांत जास्त खुपतं ते दोनशेचं हेल्मेट. ते घालणारा माणूस खर्च करतो, उकाडा सोसतो, नियम पाळतो, आणि तरीही उघड्या डोक्यानंच फिरत असतो. त्याला ते माहीत नसतं.

पुण्याला हेल्मेटचा वाद नवा नाही. १ जानेवारी २०१९ पासून शहरात पोलिसांनी हेल्मेटसक्तीची कारवाई धडाक्यात सुरू केली, तेव्हा मोर्चे निघाले, चौकाचौकात वादावादी झाली. शहरात गाड्यांचा वेगच इतका कमी, मग हेल्मेट कशाला, हा तेव्हाचा मुख्य मुद्दा. वरचं गणित ज्यानं वाचलं त्याला त्याचं उत्तर मिळालं असेल. कमी वेग हेच हेल्मेटाचं घर आहे. लॉस एंजेलिसमध्ये ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासणाऱ्या हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात टक्कर होतानाचा मध्यम वेग ताशी साडेएकवीस मैल, म्हणजे पस्तीस किलोमीटरच्या आसपास निघाला. लक्ष्मी रस्त्यावरून अलका चौकाकडे जाणारी गाडीसुद्धा मोकळी वाट मिळाली की तेवढी पळतेच.

पण त्या विरोधातली एक तक्रार मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. लोक म्हणायचे, सक्ती सुरू झाली की रस्त्याच्या कडेला रातोरात हेल्मेटांचे ढीग लागतात, ते कुठून येतात, कसले असतात, कुणी तपासत नाही. अगदी बरोबर. पोलिसाला पावती फाडायची असते ती उघड्या डोक्याची. डोक्यावर काहीतरी गोल आणि काळं दिसलं की तो पुढच्या गाडीकडे वळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये मानकाप्रमाणे असलेलं हेल्मेट असंच म्हटलंय, पण ते तपासणार कोण, चौकात, दर तीस सेकंदांनी सुटणाऱ्या सिग्नलला? आणि तिथं तपासून दंड करायचा म्हटलं तरी तो कुणाला होणार, तर फसवल्या गेलेल्या माणसाला.

कायद्याची उणीव नाही. दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक आहे. केंद्राच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवणं, साठवणं, विकणं, सगळंच बेकायदा आहे. भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड आहे. खऱ्या हेल्मेटावर चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल असा परवान्याचा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये तो टाकला की बनवणाऱ्याचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. मी कापलेल्या दोनशेवाल्यावर चिन्ह होतं, क्रमांक नव्हता. ते स्टिकर नखानं निघालं.

केंद्र सरकारनंच जुलै २०२५ मध्ये दिलेली माहिती अशी: देशात २१ कोटींहून जास्त दुचाक्या, हेल्मेट बनवण्याचा चालू परवाना असलेले उत्पादक १७६, आणि आधीच्या आर्थिक वर्षात तपासलेले नमुने पाचशेहून थोडे जास्त, छापे तीसहून जास्त. दिल्लीत नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेटं जप्त झाली, त्यांचे परवाने संपलेले किंवा रद्द झालेले होते. या कारवाईचं मी स्वागतच करतो. पण २१ कोटी गाड्यांच्या देशात पाचशे नमुने? एकट्या पुण्यात कात्रजपासून वाकडपर्यंत बायपासच्या कडेला एका दिवशी टांगलेली हेल्मेटं मोजली तरी याहून जास्त भरतील. आणि ती लपूनछपून विकली जात नाहीत. उन्हात, रस्त्यावर, पोलीस चौकीच्या समोरच्या फुटपाथवर विकली जातात. विकणारा माणूस गरीब आहे, त्याच्या पोटावर पाय आणू नये हे मलाही वाटतं. म्हणून तर कारवाई त्या दोरीवर नको, ढीग जिथून येतो त्या कारखान्यावर आणि गोदामावर हवी. त्याच विक्रेत्याला परवानाधारक कंपन्यांची साधी हेल्मेटं सवलतीत मिळाली, तर तो तीच टांगेल.

दुसरी मागणी ताऱ्यांची. मोटारी आपटवून त्यांना तारे देणारी भारत एनकॅप ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. आता बारा-पंधरा लाखांची गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये तारे विचारतो, आणि विचारलंच पाहिजे. पण २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर गेलेल्या १,६८,४९१ माणसांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. शंभरातली चव्वेचाळीस. त्यांनी बाराशेचं हेल्मेट घेताना काय बघायचं? आयएसआय मार्क एवढंच सांगतो की हे पास झालं. पस्तीस मार्कांनी पास झालं की नव्वदनी, ते कळत नाही. बाराशेची पाच हेल्मेटं समोर ठेवली तर त्यांतलं कुठलं जास्त चांगलं, ते मला सांगता येत नाही, दुकानदाराला येत नाही, आणि ज्याला सांगता येईल तो गप्प आहे. म्हणून तर लोक किमतीकडे बघतात. दुसरं मोजमाप हातात नसलं की माणूस किमतीलाच गुण समजतो.

हे काम पुण्यानं मागायला हवं, कारण वाहनांची तपासणी ज्या शहरात वाढली ते हे शहर. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे, भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था आहे. बाजारातून नाव न सांगता हेल्मेटं विकत घ्यायची, आपटवायची, तारे द्यायचे, निकाल मराठीत आणि हिंदीत छापायचे, दुकानांत लावायचे. एका मॉडेलची सात-आठ हेल्मेटं म्हणजे बाराशेच्या हिशेबानं दहा हजारही होत नाहीत. जमा होणाऱ्या दंडाचा छोटासा वाटा त्याला पुरेल. आपल्या आमदार-खासदारांनी उड्डाणपुलांच्या मागण्या केल्या, मेट्रोच्या केल्या. ही कुणी केल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, पुढे असो की मागे. नवी गाडी घेताना हेल्मेट द्यायचा नियम जुनाच आहे, पण ते एक. दोन द्यावीत असा मसुदा केंद्रानं जून २०२५ मध्ये काढला. आपल्या घरांत गाडीला एक हेल्मेट असतं, ते चालवणाऱ्याचं, आणि मागे बायको, आई, शाळेतलं पोर उघड्या डोक्यानं. तीस हजारांचं हेल्मेट घातलेल्या माणसाच्या मागे स्कार्फ बांधून बसलेली बाई मी कर्वे रस्त्यावर अनेकदा पाहिलीय. ज्याच्याकडे अडीच हजार आहेत त्यानं बाराशेची दोन घ्यावीत. ज्याच्याकडे तीस आहेत त्यानं आधी दुसरं घ्यावं आणि मग उरलेल्या पैशांत स्वतःचं कितीही महाग घ्यावं.

भाच्याला मी कापलेली दोन्ही हेल्मेटं नेऊन दाखवली. त्याच्या वडिलांनी तो पिवळा स्पंज बराच वेळ अंगठ्यानं दाबून पाहिला, काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं आणि माझी बहीण नाना पेठेत गेलो, त्याच दुकानात. भाच्यानं साडेतीन हजारांचं पूर्ण चेहऱ्याचं घेतलं, बहिणीसाठी तेराशेचं. ती रोज त्याच्या मागे बसून मंडईपर्यंत जाते. तिचा अंबाडा आड येत होता, तो सोडून तिनं मानेपाशी वेणी बांधली. मग दुकानदारानं टेप फिरवली: पंचावन्न. त्या मापाचं पूर्ण चेहऱ्याचं दुकानात एकच होतं, गडद निळं. तिला लाल हवं होतं. निळंच घेतलं.